डार्कवूडची पहिली रात्र आणि इंडी हॉररची ओढ

प्रश्न असा आला आहे: भुताचे सिनेमे निवांत बघून होतात, मोठ्या कंपन्यांचे हॉरर गेमही फारसं न दचकता संपतात, मग ‘डार्कवूड’सारखा वरून दिसणारा, साध्या चित्रांचा, ‘इंडी’ म्हणजे छोट्या टीमनं स्वतंत्रपणे बनवलेला गेम पहिल्याच रात्री हात गार का पाडतो? आणि एवढं घाबरल्यावरही दुसऱ्या संध्याकाळी माणूस परत तोच गेम का उघडतो?

मी बरीच वर्षं गेमसाठी साउंड डिझाइन करते, आणि त्यातलं बरंचसं काम हॉररचं आहे. म्हणून उत्तर बनवणाऱ्याच्या बाजूनं देते. माझं म्हणणं थोडक्यात असं: या गेममधली बरीचशी भीती खेळणाराच तयार करतो. गेम त्यासाठी दोन गोष्टींची सोय करून ठेवतो. एक, तुम्हाला पुरेसं दिसणार नाही आणि पुरेसं कळणार नाही. दोन, तशाच अवस्थेत तुम्हाला एक काम करावंच लागेल.

सिनेमाशी फरक इथेच पडतो. सिनेमात दार उघडणारं माणूस दुसरं असतं. आपण ‘अगं, नको उघडूस’ म्हणतो, ती उघडते, जे व्हायचं ते होतं आणि आपण खुर्चीत सुरक्षित असतो. गेममध्ये ते दार तुम्ही उघडेपर्यंत बंदच राहतं. तुम्ही अर्धा तास त्याच्यासमोर उभे राहिलात तर अर्धा तास काहीही होणार नाही, गोष्ट पुढे सरकणार नाही. आणि मग कधीतरी तुमचाच हात पुढे होतो. पुढे जे घडतं त्याला तुमची संमती असते, आणि ही संमती फार जड पडते.

आता ‘डार्कवूड’च घेऊ, कारण या सगळ्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सहज सापडत नाही. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या ‘ॲसिड विझार्ड’ नावाच्या स्टुडिओनं तो बनवला. मुख्य टीम तिघांची. २०१३ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे केले, २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेतला गेम विक्रीला ठेवला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्ण केला. गोष्ट पोलंडमधल्या साम्यवादी राजवटीच्या काळातली. जंगल वाढत वाढत गेलंय, रस्ते गिळून बसलंय, आत अडकलेली माणसं हळूहळू माणसं राहिलेली नाहीत.

कॅमेरा थेट डोक्यावरून खाली बघतो. कुणालाही वाटेल की अशा कोनातून भीती वाटणार कशी, आजूबाजूचं सगळं तर दिसतंय. पण तिथेच त्यांनी मेख मारून ठेवली आहे. तुमचं पात्र ज्या दिशेला बघत असतं, तेवढाच एक पंख्याच्या आकाराचा तुकडा खरा दिसतो. बाकीच्या भागात झाडं, भिंती, फर्निचर अंधूक दिसतं, पण तिथे काही हलत असेल तर ते दिसत नाही. म्हणजे तुमच्या पाठीमागची खोली तुम्हाला माहीत आहे, तिथे कपाट कुठे आहे, खिडकी कुठे आहे हेही दिसतंय, फक्त तिथे आत्ता कुणी उभं आहे का एवढंच कळत नाही. अंधार असता तर परवडलं असतं. ओळखीच्या खोलीतली ही एक रिकामी जागा डोक्याला स्वस्थ बसू देत नाही. खेळणारा सतत गोल गोल फिरत राहतो, आणि एका बाजूला बघितलं की दुसरी बाजू आपोआप पाठीमागे जाते.

नकाशा मिळतो, पण त्यावर तुम्ही कुठे आहात हे गेम सतत दाखवत बसत नाही. एखादी खूण सापडली की तिच्यावरून अंदाज बांधायचा. दिवसभर लाकडं, खिळे, चिंध्या, पेट्रोल गोळा करायचं आणि अंधार पडायच्या आत आपल्या घराकडे वळायचं. बाहेर रात्र काढणं म्हणजे जवळजवळ मरणच. इथे वेळेचा खेळ सुरू होतो. अजून एक पडकं घर बघून घेऊ का? पेट्रोल पुरेल का? मिळालेल्या सहा फळ्या कुठल्या खिडकीला ठोकू? हे प्रश्न दिवसाउजेडी साधे, हिशेबाचे वाटतात. त्यांची उत्तरं मात्र रात्री मिळतात.

रात्रीचं जरा जवळून सांगते, कारण यातलं कसब नीट पाहण्यासारखं आहे. तुम्ही दारं लावून घेतली आहेत, कपाट ओढून एका दारासमोर लावलंय, जनरेटर सुरू आहे, दिवा जळतोय. करायला काहीच नाही. आणि आवाज सुरू होतात. आधी लांब, जंगलात काहीतरी. मग घराच्या भिंतीलगत पावलं. मग बराच वेळ काही नाही. मग दारावर थाप. तुम्ही कोपऱ्यात पाठ टेकून दाराकडे तोंड करून उभे आहात, म्हणजे तो पंखा दारावर रोखलेला आहे. तेवढ्यात आवाज शेजारच्या खोलीतून येतो. आतून. तिकडे वळलात तर दार पाठीमागे जाणार. दिवा मिणमिणतो. जनरेटरमध्ये किती पेट्रोल घातलं होतं ते आठवत नाही, आणि बघायला जायचं तर कोपरा सोडावा लागणार.

एवढ्या वेळात पडद्यावर कदाचित काहीच आलेलं नसतं. काही रात्री तर शेवटपर्यंत फारसं काही येतही नाही. पण कुठल्या खिडकीला फळी ठोकली नाही हे तुम्हाला माहीत असतं, कारण तो निर्णय तुमचा होता. घाबरायला लागणारा सगळा माल तुम्हीच दिवसभर गोळा केलेला आहे. मोठ्या बजेटच्या गेममध्ये राक्षसाचं तोंड पाहून आपण दचकतो आणि ते तोंड ओळखीचं झालं की दचकणं संपतं. इथे ओळखीचं होण्यासारखं तोंडच नाही.

माझ्या कामाच्या बाजूनं आणखी एक सांगते. भिंतीपलीकडचा आवाज खरा वाटावा म्हणून आम्ही त्यातले वरचे, टोकदार स्वर कापून टाकतो. उरतो तो बोजड, दबलेला भाग. पावलाचा ‘टक’ जातो आणि ‘धप्प’ उरतो. यात वस्तू कुठली हे कळत नाही, पण तिला वजन आहे हे कळतं. आता तोच आवाज पुढच्या क्षणी वरच्या स्वरांसकट ऐकवला, तर काहीही न दाखवता खेळणाऱ्याला समजतं की ते घरात आलं. हा बदल अर्ध्या सेकंदाचा असतो. खेळून बघणाऱ्या माणसांच्या मागे बसून मी हे पुष्कळदा पाहिलं आहे: त्या क्षणी लोक ओरडत नाहीत. ते माउस हलवायचे थांबतात, खांदे वर जातात, काहीजण हेडफोनचा एक कान सरकवून खोलीत बघतात. ओरडायला लावणं सोपं आहे. माणसाला थिजवायला फार कमी, पण अगदी अचूक सामग्री लागते.

शांततेचंही तेच. पूर्ण शांतता गेममध्ये जवळजवळ वापरायचीच नसते, ती बिघाडासारखी वाटते. प्रत्येक खोलीला तिचा एक बारीक आवाज असतो, पंख्याचा, तारांचा, वाऱ्याचा. तो इतका हळू ठेवायचा की ऐकू येतोय हे लक्षातही येऊ नये. आणि मग तो बंद करायचा. काय बदललं हे कुणालाच सांगता येत नाही, पण सगळे सावध होतात.

या वळणाची पायवाट खूप आधी पडली होती. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये धुकं आलं ते त्या काळच्या प्लेस्टेशनला फार लांबपर्यंतचं गाव एकदम दाखवणं झेपत नव्हतं म्हणून. पण त्या अडचणीतून जे निघालं त्याचं ऋण आजही फिटलेलं नाही. त्याच गेममधला रेडिओ जवळ काही असलं की खरखरायला लागतो. धोका आहे हे कळतं, कुठे आहे हे कळत नाही. माहिती देऊन भीती कमी व्हायला हवी, इथे ती वाढते. तो गेम मोठ्या कंपनीचा, पण त्याचे खरे वारसदार पुढे छोट्या स्टुडिओंमध्ये जन्मले.

त्यातलं सगळ्यात मोठं नाव स्वीडनमधल्या ‘फ्रिक्शनल गेम्स’चं. २००७ च्या त्यांच्या ‘पेनम्ब्रा: ओव्हरचर’मध्ये हातोडा, कुदळ घेऊन मारामारी करता यायची. पुढच्याच वर्षीच्या भागात त्यांनी हत्यारं काढून टाकली, आणि २०१० मध्ये आला ‘ॲम्नीशिया: द डार्क डिसेंट’. १८३९ सालचा प्रशियातला किल्ला, हातात कंदील, खिशात थोडं तेल आणि काडेपेट्या. मारायला काहीच नाही. अंधारात थांबलात तर मन ढासळतं, उजेडात थांबलात तर दिसता. राक्षसाकडे बघितलं तरी मन ढासळतं आणि नजर गढूळ होते. या शेवटच्या नियमाचं मला फार कौतुक आहे. खेळणाऱ्याला वाटतं ही शिक्षा आहे. प्रत्यक्षात त्यामुळे तो राक्षसाकडे नीट बघतच नाही, तोंड फिरवून कोपऱ्यात बसतो. तीन वर्षांनी विचारलं तर त्याला आठवणारा राक्षस मूळ मॉडेलपेक्षा कितीतरी भयानक असतो, कारण तो त्यानंच रंगवलेला असतो.

त्याच गेममध्ये पाण्यानं भरलेलं तळघर आहे. पाण्यात काहीतरी आहे, ते दिसत नाही, फक्त पाणी उडताना दिसतं. तुम्ही लाकडी खोक्यांवरून उड्या मारत पुढे जायचं, पाण्यात पडलात की ‘छपाक, छपाक’ तुमच्या दिशेनं येतं. दारही नुसतं बटण दाबून उघडत नाही. माउसनं धरून ओढावं लागतं. घाईत चुकीच्या दिशेला ओढलं तर ते बंदच होतं. भेदरलेल्या माणसाच्या हाताची जी धांदल उडते ती त्यांनी माउसमध्ये आणून ठेवली. बनवणाऱ्यांनी आणखी एक शहाणपणा केला आहे: तुम्ही मेलात आणि पुन्हा त्याच जागी आलात, तर कित्येकदा राक्षस तिथे नसतो. तीच पळापळ पाचव्यांदा करायला लागली की भीतीचा वैताग होतो, म्हणून ती वेळच येऊ दिलेली नाही.

२०२३ च्या ‘ॲम्नीशिया: द बंकर’मध्ये त्यांनी हातात हत्यार परत दिलं, एक पिस्तूल, आणि तरीही भीती कमी झाली नाही. पहिल्या महायुद्धातला बंकर, गोळ्या अगदी मोजक्या, जनरेटरला इंधन भरत राहायचं, आणि टॉर्च चालू ठेवायला दोरी खेचावी लागते जिचा खरखराट भिंतींत फिरणाऱ्या त्या प्राण्याला ऐकू जातो. दिसायला हवं असेल तर ऐकू जाणार. म्हणून ‘हत्यार नसलं की हॉरर’ असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. हत्यार असू द्या. प्रत्येक गोष्टीची किंमत मात्र मोजावी लागली पाहिजे.

किती कमी सामग्रीत हे जमतं ते बघायचं तर डेव्हिड शिमान्स्की यांचा २०२२ मधला ‘आयर्न लंग’ बघा. एका ओसाड चंद्रावर रक्ताचा समुद्र आणि त्यात एक गंजकी, एका माणसाची पाणबुडी. समोरची खिडकी खोल समुद्राच्या दाबामुळे लोखंडानं बंद केलेली. तुमच्याकडे एक कागदी नकाशा, आकडे दाखवणारी छोटी पाटी, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वळायची बटणं. बाहेरचं बघायचं असेल तर उठून पाणबुडीच्या मागच्या बाजूला जायचं, बटण दाबायचं, आणि क्षणभरानं एक दाणेदार, काळापांढरा फोटो उमटतो. भिंत जवळ आली की सेन्सर टिकटिकतो. संपूर्ण गेम साधारण तासाभराचा, एकाच खोलीतला. त्यात एक वेळ अशी येते की नकाशाप्रमाणे जिथे काही नसायला हवं तिथे सेन्सर वाजतो. तुम्ही थांबलेले आहात, तरी टिकटिक वाढते आहे. त्या क्षणी मागे जाऊन फोटो काढायचा की नाही, एवढाच प्रश्न. मी ओळखत असलेल्यांपैकी बहुतेकांनी काढला, आणि काढल्यावर त्यांना तो नको होता.

मग असं का आवडतं? २०२० मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात डेन्मार्कमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी ११० लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून एका व्यावसायिक भूतबंगल्यात पाठवलं आणि नंतर विचारलं की मजा किती आली. मजा सर्वांत जास्त मधल्या पट्ट्यात होती. फार कमी भीती वाटली तर कंटाळा, फार जास्त वाटली तर नकोसं. आणि ठोक्यांतल्या मोठ्या चढउतारांचा संबंध भीतीशी होता, मजेचा संबंध मात्र छोट्या छोट्या चढउतारांशी, तोही मधल्याच पट्ट्यात. मला हा निष्कर्ष माझ्या कामाच्या फार जवळचा वाटतो. जम्पस्केअर, म्हणजे अचानक समोर काहीतरी आणून दचकवणं, मोठा चढउतार देतो. वातावरणावर चालणारा गेम तुम्हाला तासन् तास छोट्या चढउतारांत ठेवतो आणि त्यातला बराचसा ताबा तुमच्याकडे देतो: दार आत्ता उघडायचं की पाणी पिऊन आल्यावर, हे तुम्ही ठरवता. आपल्याला किती भीती सोसते याची चाचपणी स्वतःच, सुरक्षित जागी बसून करता येणं, हा या ओढीचा एक मोठा भाग आहे.

पण एवढ्यानं माझं समाधान होत नाही. झोपाळ्यातही ठोके वाढतात. हे गेम संपल्यावर आठवडाभर डोक्यात राहतात ते भीतीपलीकडच्या एका गोष्टीमुळे, आणि त्याचा पुरावा ‘सोमा’मध्ये आहे. हाही फ्रिक्शनलचाच, २०१५ चा. समुद्रतळावरचं बंद पडत चाललेलं संशोधन केंद्र, आणि माणसाचं मन जसंच्या तसं उतरवून घेता आलं तर मूळ माणूस कोणता, हा प्रश्न. गोष्ट फोडत नाही. महत्त्वाचं हे की २०१७ च्या अखेरीस त्यांनी त्यात असा पर्याय दिला ज्यात राक्षस तुम्हाला मारतच नाहीत. त्याआधी एका चाहत्यानं तसाच मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेला बदल, बनवला होता आणि लोक तो आवडीनं वापरत होते. म्हणजे जिवाची भीती काढून घेतली. तरीही गेम उभा राहतो, कारण शेवटाकडे जो घोर लागतो त्याचा राक्षसाशी काही संबंध नाही. तुमच्या हातून काही निर्णय झालेले असतात, त्यातला एक तर शांतपणे, एका बटणावर, आणि तो बरोबर होता का हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

मानसशास्त्रीय हॉरर म्हणतात तो हा. दुःख, अपराध, शरम, आपण कोण आहोत याबद्दलची शंका, या गोष्टी सांगायला हॉररइतकं मोकळं घर दुसरं कुठलं नाही. ‘नेव्हरएंडिंग नाइटमेअर्स’ हा २०१४ चा गेम मॅट गिल्गेनबाख यांनी स्वतःच्या ओसीडी (तेच ते विचार मनातून न जाण्याचा आजार) आणि नैराश्यातून बनवला. एकामागून एक त्याच त्या खोल्या, काळ्या शाईच्या रेघांत रेखाटलेल्या, आणि जागं झालं तरी पुन्हा स्वप्नच. ज्यानं ते भोगलंय त्यानं ते शब्दांत सांगितलं असतं तर मला कळलं असतं. त्या खोल्यांतून फिरताना ते अंगावर येतं.

आणि याच कारणासाठी सर्वांत जास्त आदर मला तैवानच्या ‘रेड कँडल गेम्स’च्या ‘डिटेंशन’बद्दल वाटतो. जानेवारी २०१७ मध्ये आलेला, बाजूनं दिसणारा, चित्रांच्या कात्रणांसारखा गेम. काळ १९६० च्या दशकातला. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. बंदी घातलेलं पुस्तक वाचलं तर तुरुंग, आणि शेजारी, शिक्षक, वर्गमैत्रीण कुणीही चुगली करू शकत होतं. एका डोंगरातली शाळा, वादळात अडकलेले दोन विद्यार्थी, आणि भुतं. या भुतांपासून वाचायचा उपाय काय, तर श्वास रोखून धरायचा. काहींच्या वाटेत अन्न ठेवून त्यांना गुंतवायचं, एका उंच, कंदीलवाल्या भुताकडे पाठ करून श्वास धरून उभं राहायचं. बटण दाबून धरायचं, पडदा अंधारत जातो, आणि भूत अगदी जवळून निघून जातं. खेळताना ही एक क्लृप्ती वाटते. कथा उलगडत जाते तसं लक्षात येतं की त्या काळात अख्खा देश हेच करत होता: श्वास धरायचा, बघायचं नाही, काही बोलायचं नाही. आणि कुणी बोललं तर काय झालं, हेच या कथेचं दुखणं आहे. इतिहासाचं एखादं पान बोटाच्या एका हालचालीत उतरवून दाखवणं मी दुसऱ्या कुठल्याही कलेत पाहिलेलं नाही.

हे सगळं छोट्या टीमच का करतात? पैशाचा संबंध आहेच. चेहऱ्यांचं बारीक ॲनिमेशन, शंभर खोल्या, नामवंत नट हे परवडत नाही, तेव्हा अंधार, धुकं, दाणेदार चित्र आणि आवाज एवढ्यावर निभवावं लागतं, आणि नेमकं तेच हॉररला मानवतं. पण त्याहून मोठं कारण मला वेगळं वाटतं. लाखो प्रती खपवायच्या असतील तर कुणीही अडकून पडू नये, वाट चुकू नये, वैतागून उठू नये याची काळजी घ्यावी लागते. बाण दाखवावे लागतात, गोळ्या पुरवाव्या लागतात. खेळणारा हरवला नाही तर त्याला भीती कशी वाटणार? हॅम्बुर्गच्या दोघांच्या ‘रोझ-इंजिन’ स्टुडिओनं २०२२ मध्ये ‘सिग्नॅलिस’ आणला, त्यात एका वेळी फक्त सहा वस्तू जवळ बाळगता येत होत्या. पिस्तूल, गोळ्या, औषध घेतलं की किल्लीला जागा उरत नाही. लोकांनी तक्रारी केल्या, पुढे टॉर्चसारख्या गोष्टींसाठी सवलतीचा पर्यायही आला, पण सहाचा आकडा त्यांनी मूळ रचनेतून काढला नाही. मोठ्या कंपनीच्या बैठकीत तो टिकला असता असं मला वाटत नाही. ‘वर्ल्ड ऑफ हॉरर’ तर पोलंडमधल्या एका दंतवैद्यानं एमएस पेंटमध्ये चित्रं काढून बनवला आहे. त्या चित्रांत दात जरा जास्तच नीट काढलेले आहेत असं मला नेहमी वाटतं.

छोट्या टीमचं खेळणाऱ्यांशी नातंही वेगळं असतं. ‘डार्कवूड’ पूर्ण झाला त्याच महिन्यात त्याच्या कर्त्यांनी आपलाच गेम टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांना फाइली फुकट वाटतात त्या जाळ्यावर, टाकला. कारण, गेम सुरू करायच्या, फुकटात मिळवलेल्या कोडची फेरविक्री करणारे त्यांच्या नावावर पैसे कमवत होते. ज्यांना परवडत नाही त्यांनी हा घ्या, आवडला आणि पैसे आले की विकत घ्या, पण त्या दलालांकडून घेऊ नका, असं त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं राबून बनवलेली गोष्ट अशी देणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आपुलकी आहे.

सगळंच चांगलं आहे असं नाही. २०१४ मध्ये ‘पी.टी.’ नावाचा एक छोटा डेमो आला, ज्यात घरातला एकच काटकोनी बोळ पुन्हापुन्हा फिरायचा आणि दर फेरीला काहीतरी किंचित बदललेलं असायचं. चकवा लागलेल्या माणसाच्या गोष्टी ज्यांनी लहानपणी ऐकल्यात त्यांना तो लगेच कळेल. डेमो अप्रतिम होता, आणि पुढच्याच वर्षी तो ऑनलाइन दुकानातून काढून टाकला गेला. त्यानंतर मात्र तसल्या बोळांचा पूर आला: बोळ, मिणमिणता दिवा, बाहुली, कानठळ्या बसवणारी किंकाळी. वेड्यांच्या इस्पितळात घडणारे आणि ‘शेवटी तो मनोरुग्णच होता’ म्हणून संपणारे गेम मला त्याहून खटकतात. आजारी माणसाला भूत करणं हा आळस आहे आणि अन्यायही. २०१७ च्या ‘हेलब्लेड’ या गेमच्या कर्त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ आणि आजारात प्रत्यक्ष डोक्यात आवाज ऐकणाऱ्या माणसांना सोबत घेऊन काम केलं, आणि हेडफोनमध्ये ते आवाज जसे डोक्याभोवती फिरतात ते ऐकल्यावर इस्पितळाच्या त्या गुळगुळीत युक्त्या किती पोकळ आहेत ते कळतं.

जम्पस्केअरला मात्र मी सरसकट नावं ठेवणार नाही. ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ त्यासाठीच प्रसिद्ध आहे, पण तो नीट खेळून बघा: सगळा ताण कमी होत जाणाऱ्या विजेच्या टक्क्यात आहे. दार बंद ठेवलं तर वीज जाते, उघडं ठेवलं तर जीव. किंकाळी ही फक्त त्या हिशेबाची शेवटची ओळ आहे.

खेळायला सुरुवात करायची असेल तर ‘आयर्न लंग’पासून करा, एका संध्याकाळचं काम आहे. मग ‘डिटेंशन’. त्यानंतर ‘सोमा’, आणि पळापळ नको असेल तर बिनधास्त सुरक्षित पर्याय निवडा, त्यात कमीपणा काही नाही. ‘डार्कवूड’ सवडीनं, सर्वांत सोप्या पातळीवर; एकाच जिवाची पातळी पहिल्या वेळी घेऊ नका. हेडफोन हवेतच, पण आवाज मध्यम ठेवा: हळू आवाज ऐकण्यासाठी कान ताणावे लागले तर परिणाम वाढतो आणि कानही सुरक्षित राहतात. २०२४ चा ‘माउथवॉशिंग’ही छोटा आणि अतिशय ताकदीचा आहे, मात्र त्यात आणि ‘नेव्हरएंडिंग नाइटमेअर्स’मध्ये शरीराला इजा करण्याची दृश्यं आहेत. ज्यांचा काळ सध्या कठीण चालला आहे त्यांनी ते नंतरसाठी ठेवावेत. खेळता खेळता छाती दडपली, झोप उडाली, तर तो मधला पट्टा ओलांडला गेला असं समजून बंद करा.

प्रश्नात नव्हतं, पण हे वाचणाऱ्यांत काहीजण स्वतः गेम बनवणारे असतील म्हणून सांगते. तैवानच्या मंडळींनी आपल्या देवळांतल्या रीती आणि आपला इतिहास घेतला, पोलंडच्यांनी आपलं जंगल घेतलं. आपल्याकडच्या भुतांच्या गोष्टींत तर नियम आधीच लिहून ठेवलेले आहेत. रात्री बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. हाक ओळखीच्या माणसाच्या आवाजात येते. आता विचार करा, खेळणाऱ्याला घरात कुणाची तरी वाट बघायची आहे, ते माणूस खरंच बाहेर आहे, जखमी आहे, आणि ओ दिली नाही तर ते मरू शकतं. गेम इथेच तयार झाला. त्यासाठी वाडा बांधायची गरज नाही. एक खोली, एक कडी लावलेलं दार, आणि एकाच माणसाकडून म्हणवून घेतलेली एकच हाक, वेगवेगळ्या अंतरावरून ध्वनिमुद्रित केलेली. चित्र काढायच्या आधी ही हाक दाराच्या पलीकडून कशी ऐकू येते ते ठरवा, चार मित्रांना काळ्या पडद्यावर नुसती ऐकवा, आणि कोण ओ देतं ते बघा. चौघांनीही विचार न करता ओ दिली किंवा चौघांनीही दिली नाही, तर हाक पुन्हा मुद्रित करा.